‘जंत’ या एका शब्दाआड : पाळीव पक्ष्यांचा कृमिरोग, त्याचा प्रतिबंध आणि उपाय

भाषेच्या अभ्यासकाने पक्ष्यांच्या रोगावर लिहावे, हे प्रथमदर्शनी काहीसे विचित्र वाटण्याचा संभव आहे. परंतु रोगाशी माणसाचा पहिला व्यवहार होतो तो नावाच्या द्वारे. नाव जर अनेक भिन्न वस्तूंना एकच असेल, तर उपायही एकच असला पाहिजे अशी समजूत सहज दृढ होते. रत्नागिरी परिसरात परसात कोंबड्या, माळ्यावर कबुतरे आणि ओटीवरच्या पिंजऱ्यात रंगीत चिमुकले पक्षी पाळणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांपैकी एखादा पक्षी वाळू लागला, की ‘त्याला जंत झाले’ असे निदान होते आणि ‘जंताचे औषध’ आणले जाते. या दोन वाक्यांतील ‘जंत’ या शब्दाने काय काय झाकले जाते आणि त्यापायी पक्षी कसे दगावतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. तीन शब्द आणि एक घोटाळा

‘जंत’ हा शब्द संस्कृत ‘जंतु’ या शब्दापासून आला. ‘जन्’ या धातूपासून सिद्ध झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘जो जन्मास येतो तो’, म्हणजे कोणताही प्राणी, एवढाच होता. मराठीत या शब्दाच्या दोन शाखा झाल्या. ‘जंत’ हे रूप पोटातील लांबट कृमींपुरते संकोचले, तर ‘जंतू’ हे तत्सम रूप आधुनिक काळात डोळ्यांस न दिसणाऱ्या रोगकारक सूक्ष्म जीवांसाठी रूढ झाले. ‘कृमी’ हा तिसरा शब्द अधिक प्राचीन. त्याचा इराणी भाषांतील सगोत्र शब्द ‘किर्म’ होय, आणि आपला ‘किरमिजी’ रंग याच कुळातून फारसीच्या वाटेने आला. तो रंग मिळत असे कीटकांपासून. यावरून ध्यानात येईल, की कृमी व कीटक यांतील सीमाही फार पूर्वीपासून अस्पष्टच होती.

हा केवळ व्युत्पत्तीचा विनोद नव्हे. ‘जंतनाशक’ आणि ‘जंतुनाशक’ या दोन शब्दांत फरक आहे तो एका उकाराचा. पहिला शब्द पोटातील कृमी मारणाऱ्या औषधाचा वाचक. दुसरा फिनेलसारख्या, जमीन व भांडी धुण्याच्या द्रव्यांचा. खुराड्यात जंत झाले म्हणून मालक तेथे जंतुनाशक ओततो आणि निश्चिंत होतो. वस्तुस्थिती अशी, की पक्ष्यांच्या गोलकृमींच्या अंड्यांवर इतके चिवट कवच असते, की नेहमीच्या वापरातील बहुतेक जंतुनाशके त्यास भेदू शकत नाहीत. अंडी मरतात ती कोरडेपणाने, कडक उन्हाने आणि उकळत्या पाण्याने. शब्दाच्या साम्यामुळे येथे केवळ पैसे वाया जातात असे नाही. रोग संपला असा भ्रमही उत्पन्न होतो.

२. पक्षी आणि परिसर

प्रथम ‘पाळीव पक्षी’ कोणते, हे निश्चित केले पाहिजे. आपल्या जुन्या घरांतून राघू पिंजऱ्यात असणे ही सामान्य गोष्ट होती. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली देशी पोपट संरक्षित असून त्यांस पकडणे, विकणे वा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. म्हणून येथे विचार आहे तो कोंबडी, कबूतर आणि परदेशी मूळ असलेल्या पिंजऱ्यातील पक्ष्यांचा. बाजारात ज्यांस सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणतात ते बहुधा ऑस्ट्रेलियातील बजरीगर असतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतील, आणि आकाराने व वजनाने मोठे. येथेही नावाचा घोटाळा आहेच, आणि औषधाची मात्रा ठरविताना तो नडतो.

रत्नागिरीचा निसर्ग कृमींस अनुकूल आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. हवा दमट, ऊब कायमची, अंगणातील माती ओली, आणि माडाच्या आळ्यांत व उकिरड्यावर गांडुळे, गोगलगायी, मुंग्या व झुरळे यांची रेलचेल. कृमीच्या अंड्याला वाढीसाठी लागतात त्या ऊब आणि ओल या दोन्ही गोष्टी येथे एकत्र नांदतात. देशावरच्या कोरड्या गावात जो निष्काळजीपणा खपून जातो, तो कोकणात खपत नाही.

३. कृमींचे दोन मार्ग

‘जंत’ या शब्दाखाली येणारे प्राणी शास्त्रदृष्ट्या मुख्यतः गोलकृमी, पट्टकृमी आणि पर्णकृमी अशा तीन वर्गांचे आहेत. परंतु पक्षिपालकाच्या दृष्टीने अधिक उपयुक्त असे वर्गीकरण दुसरेच आहे, ते म्हणजे कृमी पक्ष्याच्या पोटात कोणत्या वाटेने शिरतो, याचे.

पहिली वाट सरळ आहे. कृमीची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, जमिनीवर पक्व होतात आणि दाण्यापाण्याबरोबर पुन्हा पक्ष्याच्या पोटात जातात. कोंबडीच्या लहान आतड्यात आढळणारा ॲस्कॅरिडिया गॅली हा मोठा गोलकृमी याच मार्गाचा. त्याची मादी बोटाएवढी लांब होते. कबुतरांत व पोपटवर्गीय पक्ष्यांत याच गोत्रातील वेगळ्या जाती आढळतात. विष्ठेबरोबर पडलेले अंडे लगेच रोगकारक नसते. ऊब आणि ओल मिळाल्यास सुमारे दहा ते वीस दिवसांनी ते तसे होते, आणि ओलसर सावलीत पुढे कित्येक महिने तग धरते. गिळले गेल्यानंतर कृमी पूर्ण वाढून स्वतः अंडी घालू लागण्यास साधारणतः पाच ते आठ आठवडे लागतात. क्वचित एखादा कृमी गुदमार्गाजवळून अंडनलिकेत शिरतो आणि कोंबडीच्या अंड्यातच सापडतो. हा प्रकार किळसवाणा असला तरी हा कृमी माणसाच्या पोटात वाढत नाही.

कोंबडीच्या आंधळ्या आतड्यात राहणारा हेटेराकिस हा लहान कृमी स्वतः फारसा अपाय करीत नाही. परंतु त्याच्या अंड्यातून हिस्टोमोनास नावाचा सूक्ष्म जीव पसरतो, आणि तो टर्कीसारख्या पक्ष्यांना प्राणघातक ठरतो. ज्याच्या घरी कोंबड्यांबरोबर टर्कीही असतील, त्याने ही गोष्ट विसरू नये.

दुसरी वाट आडवळणाची. येथे कृमीला मध्ये एका तिसऱ्या प्राण्याचा आश्रय घ्यावा लागतो. कोंबडीच्या पट्टकृमींपैकी काहींचा मध्यस्थ मुंगी, काहींचा भुंगेरा, काहींचा घरमाशी, तर एका अतिशय लहान पण उपद्रवी जातीचा मध्यस्थ गोगलगाय असतो. कोंबडी तो मध्यस्थ टिपते आणि रोग घेते. पट्टकृमी झालेल्या पक्ष्याच्या विष्ठेत तांदळाच्या कणीएवढे पांढरे तुकडे दिसतात. ते कृमीचे सुटे झालेले भाग होत.

कोकणाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय असा या मार्गाचा एक कृमी म्हणजे डोळ्यातील कृमी, ऑक्सिस्पायरुरा. उष्ण व दमट प्रदेशात मातीत बिळे करून राहणारे सुरिनामी झुरळ त्याचा मध्यस्थ आहे. कोंबडीने झुरळ खाल्ले की अळ्या अन्ननलिकेतून वर चढतात, अश्रुनलिकेच्या मार्गाने डोळ्यात पोहोचतात आणि आतल्या पापणीखाली राहतात. पक्ष्याचा डोळा पाणावतो, सुजतो, पक्षी तो सारखा खाजवितो. ‘जंत पोटात असतात’ या दृढ समजुतीमुळे डोळ्याचा हा विकार जंताचा असेल अशी शंकाही कोणास येत नाही.

या दोन मार्गांच्या सीमेवर आणखी दोन कृमी आहेत. केशकृमी हा केसासारखा बारीक, नुसत्या डोळ्यांस जवळजवळ न दिसणारा. त्याच्या काही जाती सरळ मार्गाने, तर काही गांडुळामार्फत पसरतात. कबुतरांस तो विशेष घातक ठरतो. दुसरा श्वासनलिकेतील लालसर कृमी, सिंगॅमस. यात नर व मादी एकमेकांस कायमचे जोडलेले असल्याने जोडी बेचकीच्या आकाराची दिसते. त्याची अंडी थेट गिळली गेली तरी बाधा होते. परंतु गांडूळ, ज्यास कोकणात काही ठिकाणी काडू म्हणतात, आणि गोगलगाय यांच्या शरीरात त्याच्या अळ्या दीर्घकाळ जिवंत राहतात. पावसात गांडुळे वर आली आणि पिल्लांनी ती टिपली, की पुढे पिल्ले मान ताणून व चोच उघडून श्वासासाठी धडपडू लागतात.

४. लक्षणे व परीक्षा

मोठ्या, सशक्त पक्ष्यात थोडे कृमी असले तरी बाहेरून काही दिसत नाही. तो रोगाचा मूक वाहक असतो. खरा भार पडतो तो पिल्लांवर. साधारणतः तीन महिन्यांखालील कोंबडीची पिल्ले गोलकृमीस विशेष बळी पडतात. पुढे वयाबरोबर त्यांच्यात प्रतिकारशक्ती येते. आहारात प्रथिने व अ जीवनसत्त्व कमी असल्यास हा भार अधिक जड होतो.

भूक असूनही पक्षी वाळणे, छातीचे हाड हातास टोचू लागणे, पिसे निस्तेज होणे, पंख गळणे, हगवण, अंडी कमी होणे, तुरा फिकट पडणे ही सामान्य लक्षणे होत. मात्र यांतील एकही लक्षण केवळ कृमींचे नाही. मान ताणून श्वास घेणे हे सिंगॅमसमुळे घडते, तसेच श्वसनमार्गाच्या इतर संसर्गांमुळेही. लुळेपणा व हगवण ही ‘मानमोडी’, म्हणजे राणीखेत या विषाणुजन्य रोगातही दिसतात. तेथे जंताच्या औषधाचा काडीमात्र उपयोग नाही, आणि त्यापायी गेलेला दिवस सगळ्या कळपाच्या जिवावर बेततो.

म्हणून परीक्षा आवश्यक ठरते. ती साधी आहे. ताज्या विष्ठेचा नमुना स्वच्छ डबीत घालून त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावा. अनेक पक्षी असतील तर चार-पाच ठिकाणचा थोडा थोडा नमुना घ्यावा. विष्ठा मिठाच्या किंवा साखरेच्या संपृक्त द्रावणात कालविली असता कृमींची अंडी हलकी असल्याने वर तरंगतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या आकारावरून जात ओळखता येते. केशकृमीचे अंडे, उदाहरणार्थ, लिंबासारखे लांबट असून त्याच्या दोन्ही टोकांस बुचे असतात. पट्टकृमीची अंडी मात्र पुष्कळदा तरंगत नाहीत, म्हणून पांढरे तुकडे दिसल्यास ते वेगळे नेऊन दाखवावेत. एखादा पक्षी मेलाच, तर तो पुरून न टाकता शवविच्छेदनास नेणे हिताचे. मेलेल्या एका पक्ष्यावरून उरलेल्या दहांचे निदान होते.

चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार सांगून त्यांवर त्रिविध उपाय दिला आहे : अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानोक्त भावांचे अनुपसेवन. म्हणजे कृमी बाहेर काढणे, ज्या स्थितीत ते पोसतात ती स्थिती मोडणे, आणि ज्या कारणांनी ते होतात ती टाळणे. ते विवेचन माणसाविषयीचे आहे व त्यातील कृमींची कल्पना आजची नव्हे; तथापि ही तीन पायऱ्यांची मांडणी पक्षिपालकालाही उपयोगी पडावी इतकी सुटसुटीत आहे. दुसऱ्या पायरीचा अर्थ थोडा विस्तारून तो पक्ष्याच्या शरीराबाहेरील जमिनीलाही लावला, म्हणजे झाले.

५. अपकर्षण : औषध

कृमी कोणता हे कळल्यावाचून औषध निवडता येत नाही. पिपेरॅझीन हे औषध मोठ्या गोलकृमीवर चालते. केशकृमी किंवा पट्टकृमी यांवर ते निरुपयोगी. पट्टकृमीवर प्राझिक्वांटेल चालते; गोलकृमीवर नाही. लेव्हामिसोल अनेक गोलकृमींवर गुणकारी आहे, परंतु त्याची उपकारक मात्रा आणि अपायकारक मात्रा यांत अंतर थोडे आहे. ‘जंताचे औषध दिले, तरी गुण आला नाही’ या नेहमीच्या तक्रारीचे एक कारण येथे सापडते.

त्याहून गंभीर गोष्ट माणसाच्या औषधाची. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जाऊ लागल्यावर अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी शाळाशाळांतून पोहोचली आणि ‘जंताची गोळी’ या नावाने घरोघर परिचित झाली. मुलांसाठी ती हितकर आहे, यात शंका नाही. परंतु तिचा पाव तुकडा कबुतरास घातला तर काय होते, याचा हिशेब करून पाहावा. वीस किलो वजनाच्या मुलास पूर्ण गोळीतून दर किलोस २० मिलिग्रॅम औषध मिळते. साडेतीनशे ग्रॅमच्या कबुतरास पाव गोळीतून दर किलोस सुमारे २८५ मिलिग्रॅम, म्हणजे चौदा पटींहून अधिक, औषध जाते. शिवाय कबुतरवर्गीय पक्षी अल्बेंडाझोल व फेनबेंडाझोल या औषधांना विशेष नाजूक आहेत. अस्थिमज्जेवर आघात होऊन रक्तातील पेशी घटतात आणि पक्षी काही दिवसांनी मरतो. पिसे झडून नवी येत असताना दिलेल्या फेनबेंडाझोलने नवी पिसे विकृत येतात, असेही दिसून आले आहे. बजरीगरचे वजन तर तीस-चाळीस ग्रॅमच असते. तेथे ‘एक थेंब जास्त’ हाही मोठा अपराध ठरतो.

तेव्हा पक्षी प्रथम स्वयंपाकघरातील लहान काट्यावर तोलावा, वजन लिहून घ्यावे, आणि मात्रा पशुवैद्याकडूनच ठरवून घ्यावी. औषध एकदाच देऊन भागत नाही. प्रौढ कृमी मेले तरी आतड्याच्या आवरणातील अळ्या पुष्कळदा वाचतात. म्हणून पशुवैद्य सांगतील त्या अंतराने दुसरी मात्रा आणि त्यानंतर पुन्हा विष्ठापरीक्षा करावी. पोटात कृमींचा भार फार असल्यास ते एकदम मरून आतडे तुंबण्याचा धोका असतो, तेव्हा अशक्त पक्ष्याच्या बाबतीत घाई करू नये. औषध चालू असताना व नंतर सांगितलेल्या दिवसांपर्यंत त्या कोंबडीची अंडी व मांस खाऊ नये.

वावडिंग, लसूण, कडुनिंब, पपईच्या बिया हे आपल्या घरगुती परंपरेतील कृमिघ्न पदार्थ. वावडिंगाचे महत्त्व आयुर्वेदात मोठे आहे. परंतु माणसाच्या बाळाला चालणारे मान चिमुकल्या पक्ष्यास लावता येत नाही, आणि पक्ष्यांसाठी या पदार्थांची निश्चित मात्रा ठरलेली नाही. परीक्षा व औषध यांच्या जागी त्यांस बसविणे योग्य नव्हे.

६. प्रकृतिविघात : जमीन कोरडी राखणे

गोलकृमीचे अंडे रोगकारक होण्यास निदान दहा दिवस लागतात, हे वर सांगितले. या एका आकड्यातच स्वच्छतेचे वेळापत्रक आहे. विष्ठा रोज, ते न जमल्यास आठवड्यातून किमान दोनदा, उचलली गेली, तर बहुतेक अंडी पिकण्यापूर्वीच खुराड्याबाहेर जातात. उचललेली विष्ठा मात्र ज्या उकिरड्यावर कोंबड्या चरतात तेथेच टाकली, तर श्रम व्यर्थ गेले असे समजावे. ती झाकलेल्या खड्ड्यात कुजवावी.

खुराडे जमिनीपासून हातभर उंच असावे आणि त्याची जमीन जाळीची अथवा पट्ट्यांची असावी, म्हणजे विष्ठा खाली पडते व पक्ष्याचा तिच्याशी संबंध राहत नाही. जमिनीवर भाताचे तूस अंथरावयाचे असल्यास ते कोरडे राहील याची खबरदारी घ्यावी, वरचेवर उकरावे, आणि भिजलेला भाग त्वरित काढून टाकावा. पाण्याच्या भांड्याभोवतीच ओल सर्वांत जास्त असते. म्हणून करवंटी किंवा भांडे विटेवर, पक्ष्याच्या पाठीच्या उंचीवर ठेवावे. दाणे जमिनीवर न फेकता पन्हळीत घालावेत.

वर्षाचे चक्रही ध्यानात घ्यावे. चैत्र-वैशाखातील कडक ऊन हा येथील पक्षिपालकाचा फुकटचा मदतनीस होय. पावसापूर्वी खुराडे रिकामे करून घासावे, उकळत्या पाण्याने धुवावे आणि चांगले ऊन द्यावे. आतील मातीचा वरचा थर खरवडून काढावा. विष्ठापरीक्षा करून घेण्याचीही हीच वेळ. आषाढ-श्रावणात पिल्लांना ओल्या अंगणात सोडू नये. पडवीत किंवा छपराखाली ठेवावे.

७. कारणे टाळणे

नवा पक्षी आणला की तो तीन-चार आठवडे वेगळा ठेवावा व विष्ठापरीक्षा झाल्यावरच इतरांत मिसळू द्यावा. पिल्ले व मोठ्या कोंबड्या यांची जागा शक्यतो स्वतंत्र असावी. कारण, वर म्हटल्याप्रमाणे, धडधाकट दिसणारी मोठी कोंबडी हीच अंडी पसरविणारी असू शकते. कबुतरखान्यात रानटी पारव्यांना शिरकाव नसावा. बजरीगर उंच पिंजऱ्यात, सोललेल्या-वेचलेल्या दाण्यांवर वाढत असेल तर त्यास गोलकृमीचे भय कमी. परंतु मातीची जमीन असलेल्या मोठ्या जाळीघरात ते अनेक पटींनी वाढते.

मध्यस्थामार्फत येणाऱ्या कृमींवर पक्ष्याला कितीही वेळा औषध दिले तरी, मध्यस्थ कायम असेतो, रोग परत येत राहतो. खुराड्याजवळील जुनी लाकडे, सोडणे व पालापाचोळा यांचे ढीग हलविणे, मुंग्यांची वारुळे व झुरळांच्या जागा दूर करणे, माशा होऊ न देणे, हेच तेथे औषध. कीटकनाशक फवारावयाचे तर ते पक्षी दूर नेऊनच. अन्यथा विषारी कीटक टिपून पक्षीच मरावयाचा. मोकळी कोंबडी किडे टिपणारच, तो तिचा स्वभाव आहे. तेव्हा हेतू कृमींचे समूळ उच्चाटन हा नसून त्यांचा भार पक्ष्यास सोसेल इतका कमी राखणे हा असावा.

मार्ग ओळखून तो तोडण्यात केवढे सामर्थ्य आहे, याचे उदाहरण माणसाच्याच रोगात सापडते. नारू हा कृमी पाण्यातील सूक्ष्म जलचरामार्फत माणसाच्या शरीरात शिरे. त्यावर ना लस होती, ना तो मारणारे औषध. पाणी गाळून पिणे, पायविहिरी बंद करणे आणि रोग्यास पाण्यात उतरू न देणे एवढ्यावर भारताने तो घालविला; शेवटचा रोगी १९९६ साली आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की नारूला लोकभाषेत स्वतंत्र नाव होते. तो ‘जंत’ या सर्वसाधारण शब्दात हरवलेला नव्हता.

पक्ष्यांच्या कृमींचे ज्ञान या देशात नवे नाही. मुंबईस परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले, जी. डी. भालेराव यांनी भारतातील पाळीव जनावरांच्या कृमींवर लिहिलेला ग्रंथ १९३५ साली प्रसिद्ध झाला. परंतु तो इंग्रजीत होता. शास्त्राची भाषा व परसातील भाषा यांमध्ये शब्दांचा पूल नीट बांधला गेला नाही, तर ज्ञान असूनही पिल्ले मरतच राहतात. गोलकृमी, केशकृमी, पट्टकृमी, श्वासनलिकेतील कृमी, डोळ्यातील कृमी ही नावे कठीण नाहीत. पशुवैद्याने ती पालकापाशी उच्चारावीत आणि पालकाने ती मागून घ्यावीत. ‘जंताचे औषध द्या’ असे म्हणण्यापूर्वी ‘हा कोणता कृमी, आणि तो कोणत्या वाटेने आला?’ एवढे विचारण्याची सवय लागली, तर औषध कोणते, जागा कशी राखावयाची आणि काय टाळावयाचे, या तिन्ही गोष्टी त्या उत्तरातूनच ठरत जातील.